बिनदाराच्या खोलीची राखण

बाहत्तरच्या दुष्काळात माझी नेमणूक शनिशिंगणापूरच्या अंगाला एका खेड्यात झाली. मी नवी नर्स, वयानं कोवळी आणि तोंडानं फटकळ. तिथंही शनिदेवाची तीच रीत होती. घराला चौकट असायची, दार नसायचं. खोली बघून मी म्हटलं, "चोराला शनिदेव बघून घेतील, पण कुत्र्याचं काय?" कुणी हसलं नाही.

मग पटकीची साथ आली. गावात पाणी धरून असलेली विहीर एकच, आणि तीच नासलेली. साथीच्या कायद्यानं ती बंद करायचा हुकूम आला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. टँकर येणार होता, पण येईपर्यंत काय? लोकांचा राग मला कळत होता. गोठ्यात जनावरं हंबरत होती आणि मी विहिरीला काट्या लावून उभी होते. गर्दीतून एक दगड आला आणि माझं कपाळ फुटलं. कायद्यात विहीर बंद करायचं लिहिलं होतं. बंद करणारीला कोण राखणार, ते मला तरी कुठं दिसलं नव्हतं.

संध्याकाळी तालुक्याहून पोलीस आला, बैलगाडीत चक्क एक दार घालून! बाईमाणूस एकटी राहते म्हणून साहेबांनी धाडलेलं. दार बसवायला गाडीतून बिजागऱ्या निघाल्या तसा गाव गोळा झाला. देव कोपेल म्हणून माणसं रडकुंडीला आली. मला त्यांची रीत मोडवेना आणि उघड्या खोलीत झोपायची छाती होईना. बोचकं बांधून निघून जावं असंच वाटत होतं, पण शाळेत सलाईन लावलेली माणसं पडली होती.

तेवढ्यात विहिरीवर मला सगळ्यात जास्त शिव्या देणारी म्हातारी वाकळ घेऊन आली आणि माझ्या उंबऱ्यावर आडवी झाली.

"दार माघारी न्या. मी हाय हितं."

पोलिसाचं काही चालेना. दार आलं तसं परत गेलं आणि मी मेल्यासारखी झोपले.

सकाळी मी तिच्या हातात चहा दिला. ती खाली बघत म्हणाली, "बाई, त्यो दगड माज्याच लेकानं मारला. पुन्यांदा आला असता, तर आईला वलांडूनच आत यावं लागलं असतं त्याला."

पोलीस पुन्हा दगडाच्या चौकशीला आला तेव्हा मी म्हटलं, गर्दीत काही दिसलं नाही. विहीर उघडेपर्यंत म्हातारी रोज तिथंच झोपली.