पुसून ठेव

कॅसेट मी पुसली. माझ्या बहिणीने नाही. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षांहून जास्त काळ लागला, आणि आता कागदावर ते इतकं छोटं दिसतंय की कुणालाही वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय! म्हणून नीट सांगतो.

वडील पुण्याहून भोपाळला कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही इंद्रपुरीजवळच्या क्वार्टरमध्ये राहू लागलो. तिथली मराठी मंडळी गणपतीत दरवर्षी एक नाटक बसवायची. स्टोअर्समधले एक गृहस्थ ते लिहायचे, नट वर्कशॉपमधले असायचे. एका वर्षी हवालदाराचं काम वडिलांकडे आलं. वडिलांना पाठांतर अजिबात जमत नसे, म्हणून प्रॉम्प्टिंगला आईला उभं केलं. शेवटच्या प्रवेशात हवालदार भलत्याच माणसाला पकडल्याबद्दल घरमालकिणीची माफी मागतो. वाक्य एवढंच होतं, "बाईसाहेब, माझं चुकलं." वडील "बाईसाहेब" म्हणाले, टोपी काढली आणि थांबले. विंगेतून आई कुजबुजली, "माझं चुकलं." त्यांना ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला आणि तिथून कुणीतरी ओरडलं, "अहो वहिनी, तुमचं काय चुकलं? चुकलंय त्यांचं!"

लोक किती वेळ हसत होते! वडील मात्र टोपी हातात धरून तसेच उभे, आणि मग हळूच म्हणाले, "माझं चुकलं." हे सगळं कुणीतरी आणलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात उतरलं आणि त्याची एक कॅसेट आमच्या घरी आली. व्हिडिओ कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असायची. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड करता येत नसे. वडिलांनी स्क्रू ड्रायव्हरने ती पट्टी मोडली आणि म्हणाले, "आता हे कुणाला पुसता येणार नाही."

दोन वर्षांनी ते गेले. हृदयविकाराने, कारखान्यातच. मी पंधरा वर्षांचा होतो, बहीण आठ वर्षांची. त्यांचा आवाज तेवढ्या एका कॅसेटमध्ये होता. त्यांच्या तिथीला जेवणं झाली की आई ती लावायची आणि आम्ही तिघं पाहायचो. बहिणीला वडील फारसे आठवत नव्हते. तिच्यासाठी वडील म्हणजे तो टोपी काढून उभा राहिलेला हवालदार.

मी बारावीत असताना टीव्हीवर भुताखेतांचा छडा लावणाऱ्या एका गुप्तहेराची मालिका लागायची. भर उन्हाळ्यातही काळा लांब कोट घालणारा माणूस. एका रविवारच्या भागाची जाहिरात आठवडाभर चालली होती. एक कुटुंब आपल्या सगळ्या आठवणी विसरलंय, आणि त्या आठवणी तळघरातल्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये कुणीतरी कोंडून ठेवल्यात. मला तो भाग पाहायचाच होता. पण त्याच वेळी हबीबगंजला माझ्या कोचिंगची परीक्षा होती.

तिथी चार दिवसांवर आली होती. आईने कपाटातून कॅसेट काढली आणि मला म्हणाली, "जरा पुसून ठेव रे. बुरशी धरलीय."

मी बुरशी पुसली. मग मनात आलं, कॅसेट तीन तासांची आहे, नाटक दीड तासाचं. पुढची रिकामीच आहे. मोडलेल्या पट्टीच्या जागी मी सेलोटेपचा तुकडा चिकटवला. तो चिकटवला की व्हीसीआरचं मशीन फसतं, हे वर्गातल्या मुलांकडून कळलं होतं. कॅसेट मशीनमध्ये घातली. ती पुढे सरकवायची होती. तेवढ्यात बाहेरून मित्राने सायकलची घंटी वाजवली आणि मी निघालो. जाताना बहिणीला सांगितलं, "सहा वाजता सीरियल सुरू झाली की लाल बटण दाब." बंद कधी करायचं ते सांगायला विसरलो.

तिने अगदी सहाला बटण दाबलं. कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून आपोआप थांबली.

तिथीच्या दिवशी आईने ती लावली, तेव्हा हवालदाराच्या जागी काळ्या कोटातला माणूस आला. आईने विचारलं, "हे कुणी केलं?"

बहीण म्हणाली, "बटन मी दाबलं." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं ते आजही तसंच्या तसं आठवतं. मी हसलो. आईला म्हणालो, "तूच म्हणालीस ना, पुसून ठेव! हिने ऐकलं आणि पुसूनच टाकली. हिचं मराठी तुला माहितीये."

बहीण हिंदी शाळेत जायची आणि तिच्या मराठीची घरात थट्टा व्हायची, त्यामुळे ते पटलं. तिला पटलं की नाही हे मी विचारलं नाही. मला वाटतं, दहा वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं की बटण आपण दाबलं आणि बाबा गेले. आईने तिला मारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ भांडी घासत बसली.

पुढे त्या गोष्टीची गंमत झाली. मावशी आली की आई सांगायची, "आमच्या धाकटीला काही पुसायला सांगू नका हं, समूळ पुसते!" बहिणीच्या लग्नात विहीणबाईंनाही ते सांगून झालं. तिथे तर मीच तो किस्सा रंगवून सांगितला. लोक हसायचे, बहीण सगळ्यांत मोठ्याने हसायची.

आई आता भोपाळमध्येच, शाहपुऱ्याला माझ्याकडे असते. गेल्या तीन वर्षांत तिची आठवण विरत चालली आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, नातवाला कधी माझ्या नावाने हाक मारते. कॅसेट पुसली गेली, हे तर ती पूर्णच विसरली आहे. नाटक मात्र विसरली नाही. रोज संध्याकाळी दिवे लागले की म्हणते, "ह्यांचं नाटक लावा ना."

इतर दिवशी मी किंवा माझी बायको काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. पण शनिवारी बहीण येते. तिचं घर हबीबगंजला आहे. स्टेशनचं नाव बदललं तरी आम्ही हबीबगंजच म्हणतो. आईशी खोटं बोलणं तिला जमत नाही. ती आईचा हात हातात घेते आणि सांगते, "आई, ती कॅसेट नाहीये गं. माझ्याकडून पुसली गेली."

आईला दर शनिवारी ते पहिल्यांदाच कळतं. "पुसलीस? अगं, त्यांचा आवाज होता त्यात! तुला काही कळतं की नाही?" बहीण म्हणते, "सॉरी, आई. गलती झाली." आई तोंड फिरवून रडते. अर्ध्या तासाने विसरते आणि बहिणीला विचारते, "कधी आलीस? चहा घेतलास का?" बहीण म्हणते, "आत्ताच आले." पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. जे मी एकदा टाळलं, ते माझी बहीण दर आठवड्याला भोगत होती, आणि मी शेजारच्या खुर्चीत मोबाईल पाहत बसायचो.

गेल्या महिन्यात मी माळ्यावरून कॅसेट काढली. शाहपुऱ्यात एक दुकानदार लग्नाच्या जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. म्हटलं, खालचं काही वाचलं असेल तर बघू. खरं सांगायचं तर, थोडं जरी सापडलं तरी न बोलता सुटू, असंही मनात होतं.

दोन दिवसांनी दुकानदार म्हणाला, "सर, इसमें तो कोई भूत वाला सीरियल है. नीचे कुछ नहीं बचता, एक बार चढ़ गया तो गया." मग त्याने कॅसेट उलटी करून मला कड दाखवली. "और ये देखिए, किसी ने टेप चिपकाया है. मतलब जान-बूझकर किया है. बच्चे का काम नहीं है ये."

सेलोटेप पिवळा पडला होता, पण सुटला नव्हता. नखाने काढला असता तर निघाला असता. मी तो काढला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी आईने नाटक मागितल्यावर मी दुकानदाराने तीच सीरियल उतरवून दिलेला पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. बहिणीने चमकून पाहिलं. "दादा, हे का लावलंस?" मी म्हटलं, "बस जरा." काळा कोट आला, तळघर आलं, बरण्यांतून धूर निघाला. बहीण नकळत हसली. "तेव्हा किती डर लागायचा याचा! आता बघ, धूर मागून कोणीतरी सोडतोय."

आई एकाग्रपणे पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यांची एंट्री कधी आहे?"

बहिणीने हसू आवरलं आणि आईचा हात हातात घेतला. "आई, ती कॅसेट—"

"थांब," मी म्हटलं. टीव्ही बंद केला. कॅसेट बहिणीच्या हातात दिली आणि तिचं बोट त्या सेलोटेपवर ठेवलं. "हा मी लावला होता. कॅसेट मशीनमध्ये मी घातली होती. पुढे सरकवायची राहिली ती माझ्याकडून. तू फक्त मी सांगितलं तेव्हा बटण दाबलंस. आणि ते 'पुसून ठेव' आई तुला म्हणालीच नव्हती. मला म्हणाली होती."

बहीण त्या पिवळ्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिली. "मला तर आठवतच नव्हतं, आई मला कधी म्हणाली ते," ती म्हणाली. "मी किती आठवायची कोशिश केली. मला वाटायचं, मीच विसरले." मग वर पाहून म्हणाली, "लग्नात पण सांगितलंस तू, दादा. माझ्या सासूला."

"हो."

"का?"

मी तिच्यासमोर नुसता उभा होतो. हात कुठे ठेवावे तेही कळत नव्हतं. तेवढ्यात आई खुर्चीतून थोडी पुढे झुकली, तोंडाशी हाताचा आडोसा केला आणि घाईघाईने, दबक्या आवाजात माझ्याकडे पाहून म्हणाली, "माझं चुकलं."

मी काहीच बोलत नाही असं पाहून ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.

मग मी बहिणीला म्हणालो, "माझं चुकलं. तेव्हाही चुकलं, आणि नंतर प्रत्येक वेळी हसलो तेव्हाही चुकलं. बाबांचा आवाज तू नाही पुसलास. मी पुसला. मला माफ कर."