आखाडा बाळापूरची रिकामी फिरणारी दगडी जाती

त्या सकाळी मी अंगण झाडलं, म्हशीला पाणी दाखवलं आणि तूर भरडायला जात्यावर बसले. आमचे मालक ओसरीवर चहा पीत होते. मोटारीला लाइन कधी येणार यावर बोलणं चाललं होतं. बोलण्याच्या नादात जात्यातला घास संपला तरी माझा हात फिरतच राहिला.

"अगं, रिकामंच फिरून राहिलं की," ते म्हणाले आणि हसत शेताकडे गेले. दहाच्या सुमारास बांधावर बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आमच्याकडे जातं रिकामं फिरवत नाहीत, घरातल्या माणसावर येतं म्हणतात. दहाव्याच्या दिवशी सासूबाई पाहुण्यांसमोर एवढंच बोलल्या, "त्या दिवशी जातं रिकामं फिरलं." त्याला तीन वर्षं झाली. जात्यावर पोतं टाकलेलं आहे आणि डाळ दुकानातून येते.

मी चौथीपर्यंत शिकले, पण पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. असंच एका जुन्या वर्तमानपत्रात वाचलं, की आखाडा बाळापूरला एका निवृत्त नर्सबाईंनी राहत्या घरात देशोदेशीच्या वस्तू मांडल्या आहेत आणि तिथं सगळ्याला हात लावता येतो. यादीत दळायचे दगडही होते. ते कात्रण दोन महिने माझ्या पिशवीत होतं.

"घरचा दगड बघवत न्हाई, अन् परदेशातला पाह्याला चालली," सासूबाई म्हणाल्या. भाकरी मात्र त्यांनीच बांधून दिली.

आमच्या पुसेगावहून सकाळची हिंगोलीची जीप धरली. जीपवाला म्हणाला, "मावशी, सरका जरा, अजून एक बसतंय."

"माझ्या डोक्यावर बसव," शेजारची म्हातारी म्हणाली.

"वर टपावर तं चौघं आधीच हायेत, मावशी."

हिंगोलीहून कळमनुरीमार्गे एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळी उजव्या बाजूला बसा, ऊन लागत नाही. बाळापूरच्या स्टँडसमोर चहा बरा मिळतो, भजी मात्र सकाळचीच पुन्हा तळून देतात. मी लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. संग्रहालय स्टँडवरून चालत दहा मिनिटांवर आहे. जाण्याआधी फोन करा. दुपारी बाई झोपतात. तिकीट नाही, दाराशी पेटी आहे.

पत्र्याच्या तीन खोल्या. दारावर पाटी: 'हात लावा.' नर्सबाईंचं नाव वनमालाबाई, सत्तरीच्या असतील. आखातातल्या दवाखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. "एका वॉर्डात आम्ही सात देशांच्या होतो," त्या म्हणाल्या. "एकमेकींची भाषा येत नव्हती. पण वस्तू हातात दिली, की कळायचं." सुट्टीवरून येताना कुणी काय आणायचं, कुणी काय. इथिओपियाची लाकडी उशी मी मानेखाली घेऊन पाहिली. टोचते, पण डोकं गार राहतं.

तिसऱ्या खोलीत दगड होते. मेक्सिकोचा तीन पायांचा पाटा. कोरियाचं लहानसं जातं, अगदी आपल्यासारखं, फक्त खुंटा आडवा. शेजारी आपलंही होतं. शाळेची लेकरं आली होती आणि दोन्ही जाती गरागरा फिरवत होती. रिकामी. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज ऐकून मी उंबऱ्यातूनच हात वर केला.

"लेकरांनो, थांबा. आधी दाणे टाका," मी म्हणाले.

"काहून, आजी? बाईंनी तं फिरवा म्हणलंय," एक पोरगी म्हणाली आणि फिरवत राहिली.

लेकरं गेल्यावर मी वनमालाबाईंना विचारलं, "किती दिवसांपासून असं फिरतंय?"

"सहा वर्षं."

"घरातलं कुणी गेलं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "माझे मालक गेले. पण ते आधी. तेव्हा या घरात एकही दगड नव्हता." मग हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे कोण गेलं?"

मी सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्या 'अंधश्रद्धा' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "सकाळी चहा पिऊन दहाला गेलेली माणसं मी लई पाह्यली. अन् त्यांच्या बायकाही, सगळ्या देशांच्या. एक म्हणायची, मी रात्री नखं कापली. दुसरी म्हणायची, मी आरसा झाकला न्हाई. माझं म्हणाल, तर त्या दिवशी मी त्यांना मागून हाक मारली होती."

मग मी कोरियाच्या जात्यापाशी बसले आणि खुंटा धरला. पाच-सहा फेरे रिकामेच फिरवले. त्या शेजारी बसून राहिल्या.

परतीच्या एसटीत हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. जात्याचा दोष होता तोवर निदान मालक का गेले, याला उत्तर होतं. आता तेही नाही. ते चांगले धडधाकट होते, चहा प्यायले आणि गेले. कळमनुरीपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. तुम्ही जाणार असाल, तर असंही होऊ शकतं, म्हणून लिहिलं.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. "पाह्यले दगड?" सासूबाईंनी विचारलं.

"पाह्यले. तिकडच्या बायाही स्वतःलाच दोष देतात."

"कोणत्या गावच्या?"

"सगळ्याच."

त्यांनी मला ताट वाढलं. मग म्हणाल्या, "त्या सकाळी चहा मीच दिला होता त्याला. जेवून जा म्हणले न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडलं, जात्यावरचं पोतं काढलं, दगड पुसले आणि पायलीभर तूर भरडली. सासूबाई घास घालत होत्या. तूर संपल्यावर त्यांनी हात मागे घेतला, आणि मी एक फेरा तसाच फिरवला.