अटॅक का?

मंडळी, घाईत लिहितेय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

दुपारी बाबांचा फोन आला. मी हॅलो हॅलो करतेय, पलीकडे कुणी बोलेना. मग एक माणूस जोरात ओरडला, "अटॅक का! अटॅक का!" आणि फोन कट.

बाबांची बायपास झालीय. मी परत परत फोन केला, उचललाच नाही. इथे दिल्लीत मुनिरकाहून ऑटो पकडली. "भैया, करोल बाग, जल्दी!" एवढंच तोंडून निघालं. आईला कसं सांगायचं, रस्ताभर हेच डोक्यात.

रिटायर झाल्यापासून बाबा तिथल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवतात; दुपारी तालीम असते. धावत हॉलच्या दारात पोचले, तर बाबा मान तिरकी करून मजेत वाजवतायत! ते थांबल्यावर फोनवर काय ऐकलं ते सांगितलं.

सध्या ते कुणा विसरल्या गेलेल्या इटालियन संगीतकाराची सिम्फनी बसवतायत.

"अगं वेडे, अटॅका!" बाबा हसत म्हणाले. "इटालियन शब्द आहे. एक भाग संपला की न थांबता पुढचा सुरू करायचा. मी थांबलो, म्हणून तालीम घेणारे आमचे सर ओरडले. फोन खिशातून लागला असेल."

सगळे हसले. मीही हसले, यार.

मग पूर्ण तालीम ऐकत बसले. कित्येक वर्षांत कुणी न वाजवलेलं संगीत, सुंदरच असणार. मला मात्र फक्त बाबांचा हात दिसत होता. तो जरा थांबला की माझा श्वास अडकायचा.

खरं सांगा, आई-बाबांचा फोन आला की तुम्ही आधी हॅलो म्हणता, की आधी घाबरता?