सात देवांच्या रकान्यातलं आडनाव

रविता दोन्ही वेळ पोटभर जेवत होती आणि तिच्या आईला, सुलोचनाबाईंना, त्याचीच काळजी वाटत होती. पोरीने ताट सरकवलं असतं, रडली असती, तर काही बोलता तरी आलं असतं. ती ताट धुऊन पालथं घालायची आणि फुलचूरहून सायकलने गोंदियातल्या लग्नपत्रिकांच्या दुकानात जायची. तिथे दिवसभर गणपती आणि कलश कागदावर बसवायची. घरच्या कॉम्प्युटरवर सव्वा महिन्यापासून जुन्या साडीचं फडकं पडून होतं.

पाट्यांचं वेड तिला नव्याण्णव साली लागलं. नवा जिल्हा झाला आणि शाळेच्या पाटीवरचं भंडारा पुसून गोंदिया लिहायला पेंटर आला. बारा वर्षांची रविता सबंध दुपार शिडीखाली उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, पिवळ्या रंगाखालून भंडारा अजून दिसतो. दुसऱ्या कोणाला तो दिसत नव्हता.

पुढे ती नागपूरला शिकून आली. सोबतची मुलं जाहिरातींत गेली, ही जुन्या देवळांच्या, तलावांच्या माहितीच्या पाट्या करत बसली. पाटी किती उंचीवर लावायची हे ठरवायला ती गावातल्या सगळ्यांत ठेंगण्या म्हातारीला समोर उभी करायची. लोक हसायचे, बुढीले वाचता येते का म्हणायचे. ती म्हणायची, नाही येत, पण दुसऱ्यानं वाचून दाखवलं तं कुठं पाहायचं ते तिले दिसलं पाहिजे.

दोन हजार अकरा साली केशोरीच्या पलीकडच्या एका गावातून बुधराम आले. तिथल्या गोंड समाजाने जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं होतं. त्यांना दहा फलक हवे होते, आणि पहिला कुळांचा. त्यांच्यात कुळाचे देव मोजतात: कोणाचे चार, कोणाचे पाच, सहा, सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. बुधरामनी वहीच्या पानावर चार रकाने आखून आडनावं लिहून आणली होती. रविताने नमुना काढला, तो त्यांनी एकेका नावावर बोट ठेवून तपासला आणि ठीक आहे म्हणाले.

छापायला द्यायच्या दिवशी रविता खिळे-पट्ट्या आणायला बाजारात गेली होती. सुलोचनाबाई शुद्धलेखन बघायला बसल्या. त्या बी.ए. झालेल्या, कॉलेजच्या वार्षिकांकाचं काम केलेल्या. सहा देवांचा रकाना खाली लांबला होता, सातचा अर्धा रिकामा होता. वार्षिकांकात नावं उरली की पुढच्या रकान्यात घेत, तसंच त्यांनी शेवटचं आडनाव उचलून शेजारी ठेवलं. फलक एकदम नीटस दिसायला लागला. सांगायचं राहून गेलं. रविताने आल्या आल्या फाइल छापखान्यात दिली.

उद्घाटनाला त्याही गेल्या. संग्रहालयाची चावी बुधरामच्या सुनेकडे, मंगलीकडे होती. झाडणं, येणाऱ्यांना दाखवणं तिचं काम. तिचं सासर सात देवांचं, माहेर सहाचं. फलकावर दोन्ही आडनावं एकाखाली एक आली होती. मागून एक बाई म्हणाली, "मंगले, यंदा नीलेशले राखी बांधजो मा."

बायका हसल्या. तिचा नवरा नीलेशही कसंनुसं हसला. मंगलीने चावी सासऱ्याच्या हातात दिली आणि घरी निघून गेली.

बुधरामनी रविताला बाजूला घेतलं. "बाई, म्या पाह्यलं तवा असं नव्हतं. कोनं केलं?"

रविताने सातचा रकाना वरून खाली वाचला. आईकडे तिने पाहिलं नाही.

"माह्याच हातानं झालं, बाबा."

सुलोचनाबाई चार पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. येताना एसटीत दोघी शेजारी बसून आल्या. आठवड्याभरात नवा फलक लागला. मंगलीने मात्र चावी परत घेतली नाही. विहिरीवर तिला अजून राखीचं विचारतात, असं बुधरामच फोनवर म्हणाले होते.

काल त्यांचा फोन आला, तो सुलोचनाबाईंनी घेतला. उरलेले नऊ फलक रवितानेच करावेत. पण उद्या सायंकाळपर्यंत होकार नाही आला तर समिती नागपूरच्या माणसाला काम देणार. रविताने जेवताना ते आईकडून ऐकून घेतलं.

"नाही म्हन त्यायले. आता हे काम मी कधीच नाही करत."

"काऊन?"

"देताना एक डाव पाहून घेतलं नाही म्या. पाहायचं होतं नं."

"पण ते तं..."

"राहू दे, माय," म्हणून ती ताट घेऊन उठली.

याच ‘राहू दे’वर सुलोचनाबाईंचे सव्वा महिन्याचे दिवस गेले होते. त्यांना धड रडू येत नव्हतं, धड लाजही वाटत नव्हती. दात काढताना सुई टोचल्यावर गाल हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं.

आज रविता दुकानात गेल्यावर त्यांनी फडकं उचललं. कळफलकाखाली बुधरामचं पान तसंच होतं. त्यांनी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. सहाच्या रकान्यातली जागा या पानावरही संपली होती. शेवटचं आडनाव बुधरामनी अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत, दाबून दाबून बसवलं होतं. शेजारचा रकाना अर्धा कोरा होता. तिकडे त्यांनी पेन नेलं नव्हतं.

पानाच्या मागे फोन नंबर होता. रविता परत यायला अजून वेळ होता आणि सायंकाळ व्हायलाही. बुधरामनी उचलला की आधी मंगलीला बोलवायला सांगायचं, असं सुलोचनाबाईंनी ठरवलं. तिला ऐकू जाईल असंच सांगायचं, की ते नाव रविताने नाही, तिच्या मायने हलवलं. मग फलकांचं. त्यांनी चष्मा लावला आणि फोन जवळ ओढला.