डबीतल्या सोळा गोळ्या

घड्याळजी दुसऱ्याच्या घड्याळातली चूक पाहताक्षणी सांगत; स्वतःची कबूल करायला मात्र त्यांची जीभ कधी वळली नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवावं लागे. ते बोटांना जमेना, म्हणून त्यांनी तीसच्या तीस गोळ्या स्क्रूंच्या रिकाम्या डबीत ओतल्या आणि डबी दुकानातल्या कामाच्या टेबलावर ठेवली.

"बाबा, पोरीचा हात पोचतो तिथं," सून म्हणाली होती.

"माझ्या टेबलाला कुणी हात लावत नाही."

आज दुपारी तीन वर्षांच्या नातीनं लावला. सून दुकानात आली तेव्हा पोर टेबलाखाली बसली होती. ओठ गोळ्यांच्या रंगानं गुलाबी, मांडीवर उघडी डबी.

"गोड आहे," ती म्हणाली.

सून आणि घड्याळजींनी तिला उचलून, डबीसकट दवाखाना गाठला.

"किती खाल्ल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सुनेनं डबीतल्या गोळ्या मोजल्या. सोळा.

"तीस होत्या. रोज एक, बारा दिवस झाले. म्हणजे अठरा उरायला हव्यात. दोन खाल्ल्यात."

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. गोळी घेतली की हात जड व्हायचा, बारीक स्क्रू निसटायचे. म्हणून गेले पाच दिवस ते गोळी घेत नव्हते आणि सुनेला रोज "घेतली" म्हणून सांगत होते. आता सुनेसमोर कुठल्या तोंडानं बोलायचं? नातीचं मनगट त्यांच्या हातात होतं. चाळीस वर्षं टिकटिक ऐकलेल्या माणसाला सांगायला नको, नाडी मंद पडत चालली होती.

"दोन नाही, सात," ते म्हणाले. "मी पाच दिवस गोळी घेतलीच नाही. खोटं बोललो."

सुनेनं पोरीचं मनगट त्यांच्या हातातून सोडवून घेतलं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पोरीला धावतच आत नेलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "ठोके सावरतायत. दोनच समजून चाललो असतो तर उशीर झाला असता."

घड्याळजी बाकावर बसून ढसाढसा रडले.

चौथ्या दिवशी नात घरी आली. गोळ्या आता कुलपाच्या कपाटात, किल्ली सुनेकडे. सकाळी ती नातीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली. घड्याळजींनी डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळी पाण्याबरोबर गिळली.

"तोंड उघडा," सून म्हणाली.

त्यांनी निमूटपणे आ केला. नात वाकून आत बघू लागली.

"अजून उघडा, आजोबा."