समोरच्याची बाजू

वकील मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मी दोनदा उभी राहिले आणि दोनदा सपशेल आपटले. तिसऱ्यांदा अर्ज भरला तेव्हा नवरा म्हणाला, "हरलीस तर निदान घरात तरी अध्यक्ष हो." मी म्हटलं, ते पद बिनविरोध माझंच आहे. पण खरं सांगते, मला ती खुर्ची हावरटासारखी हवी होती. बडोद्याच्या कोर्टात उभं आयुष्य गेलं होतं, आणि आता चौथ्यांदा उभं राहण्याइतका दम उरला नव्हता.

आमच्याकडे मतदानाच्या आदल्या दिवशी बार रूममध्ये उमेदवारांची भाषणं होतात. वेळ ठरलेला, संपला की घंटा. गोत्रीतल्या घरून निघाले ती रिक्षात अख्खं भाषण गुजरातीतून घोकत. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता.

समोरचा उमेदवार माझ्याच वयाचा, दिवाणी बाजूचा, गोडबोल्या. कुठल्याही साहेबाकडे जायचं, चहा घ्यायचा आणि हसत बाहेर यायचं ही त्याची पद्धत. मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध.

माझ्या सीनियर सरांनी पहिल्या केसपासून मला एक शिस्त लावली होती. आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि त्यालाही जमणार नाही अशी मांडायची. जजसाहेब मान डोलवू लागले की मग ती पाडायची. त्याच रीतीवर माझी सगळी वकिली झाली. माईक हातात आला आणि जीभ त्याच वाटेला लागली. मी त्याचा शांत स्वभाव सांगितला, भांडण न करता त्याने करून आणलेली कामं सांगितली, ज्युनियरना तो कसा सांभाळतो ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मी आणखी रंगले. "पण," म्हणून बोट वर केलं, आणि घंटा वाजली.

कोर्टात कुणी घंटा वाजवत नाही हो! सगळा हॉल हसून हसून आडवा झाला. मी माईक परत ठेवला. तिसऱ्यांदा आपटले, तेही स्वतःच्या तोंडाने.

मग तो उठला. हसतच त्याने माईक घेतला.

"बेने मारी दलील मारा करतां सारी करी," तो म्हणाला. "मारे कंई उमेरवानुं नथी. मारो टाइम बेनने आपी दो."

म्हणजे त्याची बाजू मी त्याच्यापेक्षा चांगली मांडली होती, त्याला भर घालायची नव्हती. त्याने स्वतःचा वेळ मला देऊन टाकला होता, आणि त्या वेळात मला त्यालाच पाडायचं होतं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसावर हात कसा उचलायचा? तो खाली बसून पंख्याखाली कॉलर सैल करत होता. मी घुटमळतेय हे बघून ओरडला, "बोलो बेन, शरम ना राखशो!"

मग मी सोडलं नाही. कोर्टातल्या महिनोन् महिने बंद पडलेल्या लिफ्टपुढून काठी टेकत जिने चढणारे म्हातारे पक्षकार मी रोज बघत होते. मी त्याच्याकडे वळून त्याचे आजवरचे सगळे चहा काढले आणि म्हटलं, "साहेब, चा बहु पीधी. लिफ्ट हजी बंध छे!"

बाकं बडवली गेली. सगळ्यात जोरात तोच बडवत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल लागला. मी निवडून आले! ढोल, गुलाल, पेढे, कोण कुणाला मिठी मारतंय कळेना. नवऱ्याला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं. तेवढ्यात माझा प्रतिस्पर्धी गर्दीतून वाट काढत आला, माझा हात धरून उंच केला आणि कानाशी म्हणाला, "वोट तो में मने ज आप्यो छे, हों!"

मत मात्र त्याने स्वतःलाच दिलं होतं! मी हसता हसता रडले. मतपत्रिका हातात घेतल्यावर माझा शिक्का त्याच्या नावावर थबकला होता, चांगला थबकला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.