शून्यावर गेलेला काटा

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी नवाच्या सुमारास, माझ्या मोठ्या भावाने स्वतः बांधलेले दोन आसनी विमान चांदीप गावातल्या शेतातल्या पट्टीवरून पहिल्यांदा उडाले. जमीन सुटल्यावर थोड्याच वेळात त्याचा वेग दाखवणारा काटा शून्यावर गेला.

विमान वालीवच्या त्याच्या गाळ्यात तयार झाले. त्याआधी तो तिथे साचे बनवायचा. उड्डाणाचा परवाना त्याने आखातातल्या नोकरीच्या काळात काढला होता आणि परतल्यावरही चालू ठेवला होता. चाचणीची परवानगी ही पट्टी आणि तिच्या वरचे ठरावीक उंचीपर्यंतचे आकाश, एवढ्यापुरतीच होती. पट्टी म्हणजे एका ओळखीच्या शेतकऱ्याची भातजमीन. कापणीनंतर मधले बांध काढून, रोलर फिरवून ती सपाट केली होती. शेवटचा बांध शेतकऱ्याने तोडू दिला नाही. त्याच्या पलीकडे ओहोळ होता.

वहिनीची अट अशी की चाचणीत एकदा जरी काही बिघडले तर दुसऱ्या दिवशी पंख काढायचे, आणि पुन्हा लावायचे नाहीत. भावाने ती माझ्यासमोर मान्य केली होती. मी बातमीदारीतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे साक्षीदार म्हणून दोघांनाही सोयीचा.

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी पट्टीवरच विमानाला आशीर्वाद झाला. आमच्याकडे नवी गाडी असो, होडी असो की पंप, फादर येऊन प्रार्थना म्हणतात, पवित्र पाणी शिंपडतात आणि मगच वस्तू वापरात येते. विमानाबद्दल कुणी वेगळा विचार केला नाही. डाव्या पंखाखाली पुढे तोंड करून एक बारीक नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्या दाबावर वेगाचा काटा चालतो. किडा, धूळ जाऊ नये म्हणून नळीवर लाल फडक्याची टोपी घातलेली असते.

"हे काढ बघू," वहिनी म्हणाली. "बोटाला पट्टी बांधल्यासारखं दिसतंय. फोटोत नको."

भावाने टोपी काढली. फादरांनी समोर उभे राहून सढळ हाताने पाणी शिंपडले.

"पुढून जरा जास्तच मारतो," ते म्हणाले. "येणारं सगळं पुढूनच येतं."

फोटो झाले, केक कापला गेला. अंधार पडण्याआधी भावाने टोपी पुन्हा नीट बसवली. नळीत गेलेले पाणी त्यामुळे आतच राहिले. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

शनिवारी पट्टीवर तिघे होतो: वहिनी, शेतकरी आणि मी. वॉकीटॉकी आणि नळीवरून काढलेली टोपी माझ्याकडे होती. पट्टीवरून धावताना भाऊ वेगाचे आकडे सांगत होता आणि ते बरोबर वाटत होते. विमानाने नाक वर केले, चढू लागले आणि आकडे थांबले.

"अरे, काटा गेला," तो म्हणाला.

"गेला म्हणजे?"

"शून्य. नाक खाली केलं की जरा हलतो, परत पडतो. इंजिन मस्त आहे. तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

वॉकीटॉकीचा आवाज मोठा होता.

"सांगा त्याला, ऐकलं म्हणून," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "भावोजी, काटा नाही म्हणजे काय होतं?"

मी सांगितले. वेग फार कमी झाला तर पंख विमानाला धरून ठेवू शकत नाहीत. उंचावर तसे झाले तर सावरता येते, जमिनीजवळ येत नाही. वेग जास्त राहिला तर पट्टी पुरत नाही. ती बांधाकडे बघत राहिली. शेतकऱ्याने बांधाजवळ बांधलेली म्हैस सोडली आणि लांब नेली.

अकराच्या आसपास समुद्राकडचा वारा सुरू होतो. तोपर्यंत उतरायला हवे होते, कारण तो वारा विमानाला पाठीमागून लागला असता. मी दोनदा घड्याळ पाहिले. वहिनी पट्टीच्या कडेने चालू लागली, परत आली, पुन्हा गेली. तिने चपला काढून हातात घेतल्या होत्या. का, ते तिला नंतरही सांगता आले नाही.

"वर जाऊन त्याला हळू करतो," भाऊ म्हणाला. "कधी थरथरतंय ते बघतो."

कामणच्या गोदामांचे पत्रे चमकत होते त्या दिशेला विमान लहान झाले. इंजिनाचा आवाज उतरत गेला, आणखी उतरला. मग नाक अचानक खाली गेलेले आम्ही पाहिले. वहिनीने माझे मनगट धरले. आवाज पुन्हा वाढला, विमान सरळ झाले. त्याने हे तीनदा केले. तिसऱ्यांदा तिने मनगट धरले नाही, फक्त पाहिले.

"कळलं," तो म्हणाला. "आधी हातातली काठी ढिली पडते, मग बुडाखाली थरथर येते. त्याच्या बराच अलीकडे राहून येतो."

पहिल्या खेपेला तो वेगात आला. चाके टेकली नाहीत, अर्धी पट्टी मागे पडली. बांध जवळ येताच त्याने इंजिन पूर्ण उघडले आणि विमान आमच्या डोक्यावरून वर गेले.

"हा परत कुठे चालला?" शेतकरी ओरडला. "उतर की बाबा!"

"बरोबर केलं त्याने," वहिनी म्हणाली. ती हे कुणाला म्हणाली, ते स्पष्ट नव्हते.

दुसऱ्या खेपेला आवाज आधीच बसका होता. विमान पट्टीच्या सुरुवातीलाच टेकले, एकदा उसळले, पुन्हा टेकले आणि धावत बांधाच्या अलीकडे थांबले. नाकावरचा पंखा फिरायचा थांबला. भाऊ पट्टा सोडवून खाली उतरला.

नंतर त्याने काट्याकडे जाणारी रबरी नळी सोडवली आणि मला आतल्या बाजूने जोरात फुंकायला लावून स्वतः पंखासमोर वाकला. पंखाखालच्या नळीतून पाणी त्याच्या शर्टावर उडाले. चढताना नाक वर झाले तसे तेच मागे सरकून काट्याची वाट अडवून बसले होते.

"पवित्र पानी हाय ते," शेतकरी म्हणाला. "पुसू नको."

भाऊ हसला. वहिनी हसली नाही. तिने ओल्या नळीला बोट लावले.

"पंख काढायचं ठरलं होतं," ती म्हणाली.

"हो. उद्या काढतो."

"टोपी काढायला मी सांगितलं."

"काढली मी. परत बसवली पण मीच."

पश्चिमेकडचा वारा सुरू झाला होता आणि पंख हलू लागले होते. भाऊ दोरीने ते खुंट्यांना बांधू लागला. दुसऱ्या पंखाची दोरी वहिनीने ओढून धरली.

"पाणी खाली गळायला भोक नसतं का त्याला?" तिने विचारले.

"पाडता येतं."

"मग पाड."

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर भाऊ चांदीपला गेला, नळीच्या खालच्या बाजूला बारीक भोक पाडून आला. पंखांना हात लावला नाही. पुढच्या शनिवारी फडक्याची टोपी वहिनीने स्वतः काढली, नळीत डोकावून पाहिले आणि टोपी पर्समध्ये ठेवली. विमान उडाले, ठरलेल्या उंचीपर्यंत गेले आणि समुद्राचा वारा सुरू होण्याआधी उतरले. काटा शेवटपर्यंत चालला.